१४४१६ (टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन) – भावासाठी फोन केला होता, त्याचा अनुभव

पाचपैकी पाच स्टार देतेय आणि का देतेय ते सविस्तर लिहितेय, कारण मला गरज पडली तेव्हा मी रात्री अडीच वाजता मोबाईलवर शोधत बसले होते की हा नंबर खरा आहे का, कुणी उचलतं का, पैसे मागतात का, पोलिसांना कळवतात का, आणि जिथं बघावं तिथं नुसता नंबर छापलेला, फोन केल्यावर पुढं काय होतं ते मला तरी कुठं सापडलं नाही. भावाला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला नाव-गाव सोडून सगळं लिही अक्का, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माहेर माझं तासगाव तालुक्यातलं, मी लग्न होऊन मिरजेत. धाकट्याची दोन एकर द्राक्षबाग. एका साली ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला आणि दावण्या रोगानं घड गेले, पुढच्या साली माल चांगला आला तर व्यापारी माल उचलून गेला आणि त्याचा चेक काय वटला नाही. सोसायटीचं कर्ज होतंच, वर हातउसने. बागवाल्या घरात हे ऐकून कुणाला आश्चर्य वाटणार नाही आणि तिथंच आमची चूक झाली, सगळ्यांनी धरून चाललं की टेन्शन आहे, असणारच, निघेल यातनं. आणि हेही सांगते की नुसतं कर्ज हे कारण नसतं, तेवढंच कर्ज शेजारच्यालाही होतं. याची झोप गेली होती तीन महिने, पाठ धरलेली, कुणात मिसळणं बंद, आतल्या आत स्वतःला दोष देणं चालू, हे सगळं मिळून होतं ते. डॉक्टरांनी नंतर त्याला नाव दिलं, डिप्रेशन. तोवर आम्ही म्हणत होतो जरा अबोल झालाय.

आता खुणांबद्दल, कारण फोन करायचा का नाही हे खुणा ओळखता आल्या तरच ठरणार ना.

एका रविवारी माझा मुलगा मामाकडनं आला तर त्याच्या मनगटावर भावाचं लग्नातलं घड्याळ. ते घड्याळ त्याला आमच्या आण्णांनी दिलेलं, बारा वर्षांत त्यानं ते फवारणी करतानासुद्धा लांब ठेवलं नाही, काढून रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा. मी विचारलं अरे हे कसं काय तर म्हणाला मामा म्हणाला तुला शोभतंय, ठेव. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, भाच्यावर किती जीव आहे म्हणून मी नवऱ्यालाही दाखवलं.

मग दोन दिवसांनी भावजयीचा फोन, आवाज एकदम हलका. म्हणाली, "अक्का, आता बरे आहेत ओ हे. चार दिवस झाले शांत आहेत, चिडत नाहीत, जेवतात. दुकानातलं खातं मिटवून आले, शेजारची शिडी किती महिने आपल्याकडं पडलेली ती नेऊन दिली, आणि काल मला बसवून विम्याचे कागद, पासबुकं सगळं कुठं काय ठेवलंय ते दाखवलं, म्हणाले तुलाही माहीत पाहिजे." मी म्हणलं चला, देव पावला. आणि कुत्रं? कुत्रं चुलत्याच्या मळ्यात सोडलंय म्हणाली, राखणीला.

रात्री झोप लागेना. नीट सांगता येणार नाही पण घड्याळ, शिडी, कागद, कुत्रं हे सगळं एका रांगेत उभं राहिलं डोळ्यासमोर आणि अंगाला घाम फुटला. माणूस आवराआवर करतोय. परगावी जायच्या आधी करतो तशी. आणि मग आठवलं की महिनाभरापूर्वी फोनवर तो म्हणाला होता, "मी म्हणजे नुसता भार झालोय गं सगळ्यांना," आणि मी त्यावर म्हणाले होते, येड्यासारखं बोलू नको. फोन ठेवला होता मी त्यानंतर, भाजी करपत होती म्हणून.

यातली एकेकटी खूण घेतली तर काहीच नाही, कुणीही कुणाला घड्याळ देतं. पण माणूस आधी जसा होता त्यापेक्षा वेगळा वागायला लागला आणि दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर थांबू नका. भार झालोय, माझ्यावाचून काही अडणार नाही, आता काही अर्थ नाही असं बोलणं. जिवाची वस्तू देऊन टाकणं. हिशेब मिटवणं, निरोप घेतल्यासारखं लोकांना भेटणं. झोप-जेवण बिघडणं, दारू अचानक वाढणं (आमच्याकडं ते नव्हतं पण बऱ्याच घरात असतं). आणि खूप दिवस घालमेल असलेला माणूस कुठलाच प्रश्न सुटलेला नसताना एकाएकी शांत होणं. या शेवटच्यानं आम्ही सगळे फसलो होतो, आम्हाला वाटलं उतार पडला.

तर फोन. पावणेतीनला लावला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो, भाषा निवडायची, मराठी आहे, मग माणूस येतो लाईनवर. बाई होत्या. नाव मी नुसतं पहिलं सांगितलं, चाललं. पैसे नाहीत, कसलाही कार्ड नंबर नाही. मी सुरुवातीलाच म्हणाले की मला काही झालेलं नाही, भावासाठी केलाय, चालतं का? त्या म्हणाल्या चालतं की ताई, आमच्याकडं घरचे लोकही फोन करतात. हे मला आधी माहीत असतं तर मी महिनाभर आधी केला असता. मला वाटायचं ज्याला त्रास आहे त्यानंच करायचा असतो.

मग मी रडले, पाच मिनिटं तरी. त्यांनी रडू दिलं, शांत व्हा शांत व्हा केलं नाही. आणि मग पहिला प्रश्न, "ताई, आत्ता या क्षणी भाऊ कुठं आहे आणि त्याच्याजवळ कोण आहे?"

या प्रश्नानं मी भानावर आले. तोवर मी नुसती विचार करत होते, कसं झालं, का झालं. त्यांनी एकेक करून विचारलं, आधी कधी असा प्रयत्न केलाय का, घरात कुणी केलाय का, दारू पितो का, घरात किंवा शेतात जिवाला धोका होईल असं काय आहे, ते कुणाच्या हाताशी आहे. बागवाल्याच्या घरी फवारणीच्या औषधांची खोली असते, दुसरं काय सांगणार. त्या म्हणाल्या ती खोली आज रात्रीच बंद व्हायला पाहिजे आणि किल्ली त्या घरात राहता कामा नये. कारण सांगितलं ते मला फार पटलं, की जीव नकोसा वाटण्याची ती जी तीव्र वेळ असते ती सहसा कायम राहत नाही, येते आणि ओसरते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं आणि जवळ माणूस असलं की जीव वाचतो.

फोन चालू ठेवूनच नवऱ्याच्या मोबाईलवरनं चुलतभावाला उठवलं. तो दहा मिनिटांत पोचला, बाईकचं पेट्रोल संपलंय असं काहीतरी सांगून तिथंच झोपला, किल्ली खिशात घालून. भावजयीला त्यानंच हळू आवाजात सांगितलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी पाच स्टार देतेय. त्या म्हणाल्या सकाळी जा आणि भावाला थेट विचारा. मी म्हणलं थेट म्हणजे? तर म्हणाल्या, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का, असं. याच शब्दात." मी म्हणलं बाई गं, त्याच्या डोक्यात नसेल तर मी विचारल्यामुळं येईल की. यावर त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लक्षात आहे माझ्या, "विचारल्यामुळं विचार येत नाही ताई. नसेल तर तो नाही म्हणेल. असेल तर इतके दिवस एकट्यानं वागवतोय, त्याला खाली ठेवायला जागा मिळेल." आणि अभ्यासातही हेच दिसलंय म्हणाल्या, विचारल्यानं धोका वाढत नाही.

मग त्यांनी मला ते वाक्य फोनवर म्हणायला लावलं. मला जमेना. तोंडातनं शब्दच फुटेना, दोनदा "तुझ्या मनात" पर्यंत गेले आणि थांबले. तिसऱ्या वेळी म्हणाले. आणि चौथ्यांदा त्यांनी परत म्हणायला लावलं, आवाज न कापता. स्वयंपाकघरात अंधारात उभं राहून मी ते वाक्य म्हणत होते, नवरा दारात उभा राहून बघत होता.

काय बोलायचं नाही तेही सांगितलं. पोरांकडं बघ, एवढं काय आभाळ कोसळलंय, लोक काय म्हणतील, माझी शपथ घे, यातलं काहीही नको. कुणाला सांगणार नाही असं वचन पण द्यायचं नाही, कारण सांगावं लागणार आहे, डॉक्टरला तरी. मी प्रामाणिकपणे सांगते, मला विचारलं असतं तर मी बरोबर हीच पाच वाक्यं बोलले असते.

सकाळी सहाच्या एसटीनं गेले. तो बागेतच होता. मी म्हणलं चल जरा बांधावर बसू. काय काय इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, त्याच शब्दात. तो गप्प. हातात द्राक्षाचं एक पान होतं ते तो शिरेच्या कडेकडेनं फाडत होता, बारीक बारीक पट्ट्या, एक झाली की खाली टाकायचा, दुसरी घ्यायचा. पान संपलं. नुसता देठ राहिला हातात. मग म्हणाला, "येतात अक्का."

त्यानंतर दीड तास तो बोलत होता आणि मी ऐकत होते, मधे फक्त हं हं. कधीपासनं, रात्री काय होतं, काय ठरवलं होतं. ते मी इथं लिहिणार नाही. पण तो बोलल्यावर त्याचे खांदे खाली आले हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी म्हणाले की तू सांगितलंस ते बरं केलंस, आता हे तुझं एकट्याचं नाही. मग त्याच्यासमोरच १४४१६ लावला आणि फोन त्याच्या हातात देऊन मी बेदाण्याच्या शेडपलीकडं जाऊन बसले. चाळीस मिनिटं. या वेळी दुसरी व्यक्ती होती, पुरुष, पण भावाला त्यांच्याशी बोलणं जमलं, बागेचं पण बोलले म्हणे. दुसऱ्या दिवशी तिकडनंच फोन आला, कसे आहात, दवाखान्यात गेलात का. इतकं बरं वाटलं की कुणीतरी आठवण ठेवलीय.

फोनवर सगळं भागत नाही हेही लिहिते, आणि ते स्वतःच सांगतात. समुपदेशक पहिल्या पायरीला, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जोडून देतात आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात कुठं जायचं ते सांगतात. आम्ही अतिशहाणपणा करून आधी एका खाजगी दवाखान्यात गेलो, नाव लिहीत नाही, तिथं काउंटरवरच्या बाईनं भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं विचारलं, काय, डोक्याचा प्रॉब्लेम आहे का पेशंटला? भाऊ तिथनंच मागं फिरला. त्याला परत तयार करायला अख्खा दिवस गेला आमचा. जे कुणी दवाखाने चालवतात त्यांनी हे वाचावं, डॉक्टर कितीही चांगला असू दे, हा माणूस दारातनं परत गेला तर काय उपयोग. मग सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीला गेलो, गर्दी होती, दोन तास बसलो, पण डॉक्टरांनी दार लावून, नीट बसवून विचारलं. त्यांनी पण तेच वाक्य थेट विचारलं, आणि या वेळी भावानं लगेच उत्तर दिलं.

गोळ्यांबद्दल एक. त्या लगेच लागू होत नाहीत, दोन ते चार आठवडे लागतात फरक पडायला, आणि बरं वाटायला लागलं की मनानं बंद करायच्या नाहीत. आमचा तिसरा आठवडा फार जड गेला, गोळी घेऊनही काही होत नाही म्हणायचा, तेव्हा आम्ही पाळी लावली होती, रात्री कुणीतरी त्याच्या खोलीत झोपायचंच. परत १४४१६ ला मीच दोनदा फोन केला त्या काळात, माझ्यासाठी, कारण माझीही झोप गेली होती. चालतं तेही.

पोलिसांची भीती बऱ्याच जणांना असते. आमचे चुलते पण म्हणाले कुठं बोलू नका, केस होते. नाही होत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ मध्ये स्पष्ट आहे की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. आणि जुन्या दंडविधानातलं, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत घेतलेलंच नाही. आपल्या भावाचं तर तिथवर गेलंही नव्हतं, पण घराघरात या एका भीतीनं लोक गप्प बसतात म्हणून लिहिलं. त्याच मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनाही सांगितलंय की शरीराच्या आजाराला जसं कव्हर देता तसंच मनाच्या आजाराला द्या, पॉलिसी असेल तर विचारा.

आता कमी काय वाटलं. सेवेत नाही, पण ती पोचण्यात. ही हेल्पलाईन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालीय, बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या देखरेखीखाली चालते, वीस भाषांत, चोवीस तास, फुकट. आणि आमच्या गावात कुणाला माहीत नव्हती. आशाताईंना माहीत होती फक्त. २०२२ च्या एका वर्षात आपल्या महाराष्ट्रात २२,७४६ लोकांनी जीव दिला, देशात सगळ्यात जास्त, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा आहे हा. त्यात शेतकरी आहेत, पोरं आहेत, बायका आहेत, रोजंदारीवरची माणसं तर फार. मग हा नंबर कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर का नाही? सोसायटीत, बेदाण्याच्या सौद्यात, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर का नाही? औषधाच्या जाहिरातींचे एवढे मोठे मोठे पोस्टर असतात. मी मिरजेत आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला सांगून कागद चिकटवलाय, हाताने लिहून, तेवढं तुम्हीही करू शकता.

दुसरं, ही ॲम्ब्युलन्स नाही. माणसानं काही करून घेतलं असेल किंवा आत्ता करायच्या बेतात असेल तर आधी ११२ किंवा १०८, माणसाला एकटं सोडायचं नाही, मग बाकीचं. लहान मुलांचं असेल तर १०९८ पण आहे. आणि कुणाचा १४४१६ मोबाईलवरनं लागला नाही तर १८०० ८९१ ४४१६ लावून बघा, तो पण त्यांचाच आहे.

भाऊ आता कसा आहे विचाराल म्हणून. नऊ महिने झाले. गोळ्या चालू आहेत, डोस कमी केलाय डॉक्टरांनी. कर्ज आहे तसंच आहे, सोसायटीशी बोलून हप्ते पाडून घेतलेत, व्यापाऱ्यावर केस चालू आहे. वाईट दिवस येतात, पण आता तो सांगतो, "अक्का, आज जड आहे." एवढं म्हणतो आणि मला कळतं. कुत्रं चुलत्याच्या मळ्यातनं स्वतःच जाऊन आणलं त्यानं. औषधाच्या खोलीची किल्ली अजून चुलतभावाकडंच आहे, फवारणीच्या दिवशी तो येतो, मोजून काढून देतो, कुलूप लावून जातो. याला भावाची काही हरकत नाही, उलट छाटणीच्या आधी चुलतभाऊ म्हणाला आता ठेव तुझ्याकडं, तर हाच म्हणाला, राहू दे अजून थोडे दिवस.

तुमच्या घरात कुणाबद्दल मनात शंका असेल तर हे वाचून झाल्यावर फोन लावा, उद्यावर टाकू नका. आणि लाईनवर माणूस आल्यावर काय बोलायचं ते सुचत नसेल तर एवढंच म्हणा, "मला माझ्या माणसाची काळजी वाटतेय." पुढचं ते विचारतात.